मांडवाखालची अंडी

नव्वदच्या दशकातले माझे उन्हाळ्यातले बहुतेक रविवार गारगोटीच्या पलीकडच्या एका धरणावर गेले. काम ऐकायला अगदी सोपं होतं. पाणी उतरलं की जी बेटं उघडी पडतात, त्यांवर कोणकोणते पाणपक्षी घरटी करतात, किती जोड्या बसतात आणि किती पिल्लं उडतात, हे काठावरून दुर्बिणीनं मोजायचं. पण पक्षी एका जागी बसत नाहीत, आणि मी पडले शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. मोजताना कुणी हललेलं मला खपत नाही. आमचे हे स्कूटर चालवायला म्हणून यायचे. त्यांना पक्ष्यांमध्ये काडीचा रस नव्हता. झाडाखाली पेपर पसरून ताणून द्यायचे आणि मधूनच डोळे किलकिले करून विचारायचे, झाली का हजेरी?

सगळ्यांत माझा जीव होता नदी सुरयावर. पिवळी धमक चोच, डोक्यावर काळी टोपी, आणि संसार मात्र अगदीच उघड्यावरचा. जमिनीत वाटीएवढा खळगा केला की झालं घरटं. अंडीसुद्धा मातीच्याच रंगाची. म्हणून बसलेल्या पक्ष्याच्या जवळ जायचं नाही, हा आमचा पहिला नियम. पक्षी उठला की कडक उन्हात अंडी भाजून निघतात.

एका वर्षी सुरयांनी बुडालेल्या गावात बस्तान मांडलं. धरण झालं तेव्हा हे गाव पाण्यात गेलं आणि माणसं शिरोळकडे उसाच्या पट्ट्यात वसवली गेली. घरं केव्हाच विरघळली, पण उन्हाळ्यात पाणी हटलं की दगडी जोती ओळीनं वर यायची. जोती वर आली की माणसंही यायची. देवीची जत्रा त्यांनी शिरोळला नेलीच नव्हती. ट्रक-टेम्पो भरून सगळं गाव यायचं, प्रत्येक घर आपापल्या जोत्यावर छोटा मांडव घालायचं, आणि नसलेल्या गल्ल्यांतून पालखी फिरायची. जोत्याजोत्यासमोर ती थांबायची आणि त्या घरची बाई आपल्या नसलेल्या उंबऱ्यावर उभी राहून देवीला ओवाळायची.

पाण्याकडचं अगदी शेवटचं जोतं आक्कांचं होतं. आक्का म्हणजे सत्तरीची, नऊवारीतली, खणखणीत आवाजाची बाई. आदल्या वर्षीच्या जत्रेत त्यांनी आम्हाला हाताला धरून पंगतीत बसवलं होतं, तेव्हापासून आमच्या ह्यांचं पक्षिप्रेम एकदम वाढलं होतं. जेवताना आक्का मला म्हणाल्या होत्या, "शिरोळात समदं हाय बाई, ऊस हाय, पाणी हाय. खरं माझं दार हितंच हाय. वरसातनं एकदा त्या दारात हुबी ऱ्हाते, मग वरीसभर चालतंय."

आणि सुरयांनी अंडी घातली ती नेमकी आक्कांच्या जोत्यावर.

जत्रेच्या आदल्या रविवारी आक्कांचा मुलगा जागा बघायला आला होता. मी त्याला लांबूनच अंडी दाखवली आणि बजावलं, की ही उघड्यावर आहेत, ऊन मरणाचं आहे, एकही अंडं वाया जाता कामा नये. तो मान डोलवत गेला. मला वाटलं, एवढं पुरे.

जत्रेच्या दिवशी सकाळी पोचलो, दुर्बीण डोळ्याला लावली आणि माझं डोकंच फिरलं. त्या जोत्यावर चार बांबू उभे होते आणि त्यांवर लाल-पिवळा, झालरीचा मांडव. वर सुरयांचा थवा नुसता आक्रोश करत घिरट्या घालत होता. मी तशीच चिखल तुडवत धावले. मुलगा कौतुकाची वाट बघत उभा होता. अंड्यांना ऊन लागू नये म्हणून पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन त्यानं हा मांडव घातला होता. भोवती सुतळी बांधली होती, एकाही अंड्याला धक्का लागू दिला नव्हता. मी त्याला वर्गातल्या पोरासारखं झापलं. सुरय पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतो आणि स्वतःच अंड्यांवर सावली धरतो, त्याला तुझी झालर कशाला हवी? फडफडणाऱ्या कापडाखाली तो उतरणारच नाही. बिचाऱ्याचा चेहरा पडला. तिकडे मटणाच्या वासानं कावळे गोळा व्हायला लागले होते, आणि दोन तर चक्क मांडवाच्या बांबूवरच येऊन बसले.

काढ म्हटलं आधी तो मांडव. तो हळूच म्हणाला, जत्रेत जोत्यावर घातलेला मांडव देवीचाच, तो पालखी येऊन गेल्याशिवाय काढत नाहीत. घराला ते चांगलं नसतं. पालखी देवळापासून निघायची आणि आक्कांचं जोतं शेवटचं, म्हणजे तिला इथं यायला दुपार टळणार. तोवर कावळ्यांची जत्रा उरकली असती. मला रडू यायचंच बाकी होतं.

एवढ्यात आरतीचं ताट घेऊन आक्का आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी वर बघितलं, बांबूवरच्या कावळ्यांकडे बघितलं आणि ताट माझ्या हातात देऊन देवळाकडे निघून गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते मला लांबून ऐकू आलं नाही, पण पुजाऱ्याचे हातवारे दिसत होते आणि आक्कांचा आवाज त्याच्यावर चढलेला कळत होता. थोड्या वेळानं पालखी उलटीकडून निघाली, शेवटचं जोतं पहिलं. हलगीवाल्यांना आक्कांनी हलगी काखेत मारायला लावली होती. एवढी मुकी पालखी कोल्हापूर जिल्ह्यात दुसऱ्या कुणी पाहिली नसेल.

पालखी जोत्यापासून बरीच अलीकडे थांबली. आक्का आपल्या उंबऱ्याकडे गेल्याच नाहीत. तिथंच, चिखलात, गल्लीच्या मध्यावर उभ्या राहून त्यांनी ओवाळलं. ओवाळताना नजर मात्र देवीच्या खांद्यावरून आपल्या दाराकडे लागलेली. मला फार अपराधी वाटलं आणि फार बरंही वाटलं, दोन्ही एकदमच. पालखी वळली आणि मुलानं मांडव असा झटक्यात उतरवला की बांबूंबरोबर कावळेही उडाले. आम्ही सगळे काठावर जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं एक सुरय उतरला, इकडेतिकडे बघत दोन पावलं चालला आणि अंड्यांवर बसला. मग बाकीचे उतरले. आमच्या ह्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडून दुर्बीण मागून घेतली. मे संपता संपता पिल्लं पाण्यावरून उडताना मी पाहिली आणि शिरोळला फोन करून आक्कांना सांगितलं. त्यांनी ती खबर अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितल्याचं मला फोनवरच ऐकू आलं.

पुढच्या वर्षी जत्रेला आक्का टेम्पोतून उतरल्या त्या तडक माझ्याकडे आल्या. त्या वर्षी सुरय गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्या भावकीच्या जोत्यावर बसले होते. त्या भावकीशी आक्कांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. आक्कांचं दार मोकळं होतं, पालखी थेट उंबऱ्यापर्यंत येणार होती. मी म्हटलं, आक्का, यंदा मनासारखं ओवाळा.

त्यांनी ओवाळलंही, हलगीच्या दणक्यात, आपल्या दारात उभं राहून. मग रिकामं ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि भावकीच्या जोत्याकडे बघत राहिल्या. तिथं सुरय निवांत बसले होते आणि ती माणसं चिखलात लांब उभी राहून पालखीची वाट बघत होती.

"आमचं काय चुकलं वं, बाई?" आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "म्होरल्या साली त्या पाखरास्नी सांगा, आमचं दार मोकळं हाय. आन् मांडव घालणार न्हाय म्हणावं."