ना-हरकत पत्र

मला परगावची नोकरी सोडता येत नव्हती आणि माझ्या वडिलांना, अण्णांना, जालन्यात एकटं ठेवता येत नव्हतं. म्हणून ते राहत होते ते घर विकायला काढलं. आई गेल्यावर ते माझ्या नावावर झालं होतं. गिऱ्हाईक जाफराबादचं मिळालं. पण त्याला कर्ज देणारी बँक अडून बसली. सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि हस्तांतरण शुल्काची पावती हवी म्हणे.

मी तिथं आवाज चढवला. "अहो, शिक्षकांची जुनी सोसायटी ती. अध्यक्ष गेले, खजिनदार गेले. पैसे घेणार कोण?"

"कागदावर सेक्रेटरी आहेत ना?" बँकेतले साहेब म्हणाले.

सेक्रेटरी म्हणजे अण्णाच. शिक्का आणि पावतीपुस्तक अजून त्यांच्या कपाटात होतं. त्यांना माणसं ओळखू येईनात, पण सोसायटीचं काम बराबर आठवायचं. मी अर्ज आणि पैसे पुढं ठेवले. त्यांनी चष्मा पुसून लावला आणि त्याच जुन्या वळणदार अक्षरात पावती फाडून दिली. मला हायसं वाटलं.

पत्रावर सही करताना मात्र ते थांबले.

"घरात कोणी म्हातारं माणूस राहतं का?"

"राहतं," मी म्हणालो.

"त्यांना विचारलं ना तुम्ही? त्याबिगर मी सही करत न्हाई. मागाहून लोक रडतात."

जाफराबादवाला दारात उभा होता.

"विचारलं," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडं नीट पाहिलं, विश्वास ठेवला आणि सही करून शिक्का मारला.