काकाजींचे दोन झिरो

भंडारा जिल्ह्यात काकाजींनी ज्याला आधी रागवायला लावले नाही, असा माणूस टीव्हीवर आलेलाच नाही. काकाजी आमच्या स्थानिक वाहिनीचे ध्वनितंत्रज्ञ होते आणि मी त्यांच्याबरोबर फिरणारा बातमीदार. मुलाखतीआधी आवाज तपासताना इतर तंत्रज्ञ समोरच्याला आकडे म्हणायला लावतात. काकाजींना ते नामंजूर होते. “एक-दोन-तीन म्हणताना माणूस शाळेत रायते. भांडताना खरा बोलते,” असे ते म्हणत आणि कोणावर तरी भडकण्याची मागणी करत. तुमसरच्या एका गिरणीमालकांनी या तपासणीतच आपल्या साडूला इतके झोडपले की प्रत्यक्ष मुलाखतीत त्यांना बोलण्यासारखे काही उरले नाही.

यामागे शास्त्र होते. त्यांची उमेदीची वर्षे काट्याच्या मीटरसमोर गेली. त्या जुन्या यंत्रांवर आवाज मीटरवरची झिरोची खूण ओलांडून लाल पट्ट्यात शिरला तरी फीत थोडे सोसून घेई. डिजिटल यंत्रात झिरो सर्वांत वर जाऊन बसला. त्याच्यावर आवाज गेला की तो कापला जातो आणि नंतर सांधता येत नाही. नव्या मुलांना हे दोन झिरो समजावताना काकाजी तलावाकडे आणि त्याच्या पाळीकडे, म्हणजे बांधाकडे, बोट दाखवत. “जुना झिरो म्हणजे नेहमीच्या पाण्याची खूण. नवा झिरो म्हणजे पाळीचं टोक. खूण टोकाच्या वीस डेसिबल खाली ठेव बाप्पा, माणूस कवा वरडन, सांगता येत नाही.” वरची जागा मोकळी ठेवण्याची ही सवय घरातही होती. चहाचा कप ते काठापासून दोन बोटे खाली भरत. पाहुणे त्यांना कंजूष समजत.

आसगावची सकाळची बस बंद झाली तेव्हा आम्ही तिथून थेट प्रक्षेपण केले. गावातर्फे बोलणाऱ्या कॉलेजच्या मुलीला घरून बजावले होते, बस सुरू झाली नाही तर पवनीचे कॉलेज बंद. आगाराचे अधिकारी स्टुडिओत बसले होते. तपासणीत तिचा आवाज जेमतेम निघाला.

“रागावून बोल, बाई.”

“कोणावर रागावू, काकाजी?”

“घरी भाऊ हाये का?”

“हाये ना, लहान.”

“मंग झालं. त्यानं तुहा मोबाईल पाण्यात टाकला समज.”

“टाकलाच होता त्या मेल्यानं!” ती अशी कडाडली की तलावाच्या पाळीवरच्या म्हशींनी माना वळवल्या. काकाजींनी त्या कडाडण्याच्या हिशेबाने आवाजाचे बटण बसवले.

प्रक्षेपणात ती पुन्हा हळू बोलू लागली. माझ्या कानातल्या यंत्रातून निर्माता ओरडला, “काकाजीले सांग, आवाज वाढवा! काही ऐकू येऊन नाही राहिलं!” तक्रार खोटी नव्हती. मी निरोप दिला. काकाजींनी बटणावरचा हात हलवला नाही. तेवढ्यात अधिकारी म्हणाले, मुली थोड्याच आहेत, सायकलने जाऊ शकतात.

“साहेब, तुमच्या पोरीले पाठवा ना एक दिवस सायकलवर! जंगलातल्या रस्त्यानं! मी येईन तिच्या सोबत!”

मुलगी कडाडली तसा मीटर उसळून झिरोच्या जरा खाली थांबला. एकही अक्षर फाटले नाही. घराघरांत ते स्वच्छ ऐकू गेले.

“पाह्य, लागली ना ती मोकळी जागा,” काकाजी मला म्हणाले.

पुढच्या आठवड्यात बस सुरू झाली. ती या बोलण्यामुळे की परीक्षा जवळ आल्यामुळे, हे आगाराने कळवले नाही.

काकाजी आता निवृत्त होऊन तुमसरला असतात. एक कान गेला आहे, दुसरा जाण्याच्या वाटेवर आहे. ती मुलगी पवनीतच शिक्षिका झाली. ती अधूनमधून फोन करते. “तिचं ऐकू येते. बाकीचे सारे पुटपुटतात,” ही त्यांची तक्रार.

परवा गेलो तेव्हा त्यांनी माझ्यासमोर दोन बोटे खाली भरलेला चहा ठेवला. मी तब्येतीची चौकशी केली. त्यांनी कानामागे हात धरला.

“शाळेतल्यासारखा नको बोलू. रागावून बोल.”

मी प्रयत्न केला. त्यांच्यासमोर बसून ते जमले नाही.