अभिनंदन करणारे गव्हाणेमामा

कुणीही आपल्या पोराची तक्रार घेऊन आलं की गव्हाणेमामा आधी त्याचं अभिनंदन करायचे. "पोरगं उलटं बोलायलंय? लई चांगलं झालं! म्हंजे डोकं चालाय लागलं की." आणि तक्रार करणाऱ्याचा हात दोन्ही हातांत धरून हलवायचे. बजाजनगरातल्या आमच्या गल्लीत घरोघर दहावी-बारावीची मुलं, त्यामुळे ही अभिनंदनं रोजचीच. मी त्यांना मनातल्या मनात रिकामटेकडा म्हातारा म्हणत असे.

मामा आमच्या समोर राहायचे. कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. बायको लवकर गेली, दोन मुली एकट्याने वाढवून सासरी पाठवलेल्या. कुणाचा कूलर, कुणाची कडी, कुणाची सायकल, सगळं त्यांच्या ओट्यावर दुरुस्त व्हायचं आणि भोवती गल्लीतली मुलं बसलेली असायची. "पोरं बिघडत नसतेत, ताई," ते मला म्हणायचे, "वाढतेत. वाढताना आवाज व्हतोच."

मला असलं बोलणं ऐकायला वेळ कुठे होता? मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात. दिवसभर मालातले दोष शोधायचे आणि सव्वा तास बसमध्ये बसून घरी आलं की तेच डोळे पोरीवर लावायचे. नवरा चाकणला, रविवारी यायचा. शर्वरी अकरावीला होती. एप्रिलच्या शेवटी क्लासमधून फोन आला की ती तीन आठवड्यांपासून आलेलीच नाही.

रोज दुपारी साडेतीनला दप्तर घेऊन निघणारी मुलगी जाते कुठे? मी विचारलं, ओरडले, हातापाया पडले. तिने तोंड उघडलं नाही. खोलीत जाऊन आतून कडी लावली. रात्री तिने दार उघडलं तेव्हा मी तिचा फोन काढून घेतला आणि मामांना हाक मारली, तिच्या दाराची कडी काढून द्या म्हणून.

मामा दाराकडे बघत उभे राहिले. "कडी बसवाय सांगा, आत्ता बसवतो. काढाय माझा हात वळत नाय."

मग मीच काढली, स्वयंपाकघरातल्या सुरीने. चार स्क्रू. शर्वरी पलंगावर बसून बघत होती. त्या नजरेची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर मी रजा टाकली आणि हॉलमध्ये खुर्ची मांडून बसले. बाहेर बेचाळीस अंश, खिडक्या बंद, कूलर गरम वारा फेकतोय, आणि समोर तिचं कडी नसलेलं दार. ती पाणी प्यायला उठली की मी उठायची. ती न्हाणीघरात गेली की मी मिनिटं मोजायची. भाजी आणायलाही मी बाहेर पडत नव्हते. आठव्या दिवशी मामा कूलर बघायला आले. माझ्याकडे, खुर्चीकडे, दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "ताई, राखण करणारा बी आतच असतो बगा."

मला हुंदका आला. मामांनी तिकडे लक्षच दिलं नाही. "कूलरचं गवत पार सडलंय. शहागंजात चांगलं मिळतं. चला माझ्यासंगं."

"आणि ही?"

"ही हाय की घरी."

मी पर्समधून कुलूप काढलं. मामा पायरीवर थांबले. "कुणाला लावायलाव कुलूप?" मी कुलूप परत पर्समध्ये टाकलं. शहागंजच्या गर्दीत मामा गवताची एकेक जुडी हुंगून बघत होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. ती निघून गेली असेल, या एका विचाराशिवाय मला काही सुचत नव्हतं.

परत आलो तर पुढचं दार आतून बंद. मी दोन्ही हातांनी दार बडवलं.

"आई, मी आहे," आतून आवाज आला. "मला बोलायचंय. पण तू बाहेरच बस."

मी पायरीवर बसले. दाराआडून ती बोलत राहिली. क्लासमध्ये दर आठवड्याच्या मार्कांवरून बसायची जागा ठरायची. ती सरकत सरकत शेवटच्या बाकावर गेली होती. तिथे बसलं की हात गार पडायचे, फळ्यावरचं दिसेनासं व्हायचं. "मला सांगायचं होतंस गं," मी म्हणाले.

"तू दुसऱ्या दिवशी तिथं जाऊन भांडली असतीस. मला तुझ्या रागाची भीती नव्हती आई. तू सगळ्यांसमोर मला वाचवायला येशील, याची होती."

खरं होतं. मी गेलेच असते.

"मग जायचीस कुठे?"

"मामांच्या घरी. मागच्या खोलीत गणितं सोडवायचे."

मी मामांकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"आणि माझ्या समोर गप्प बसलात?"

"तिची गोष्ट व्हती, ताई. मी कशी सांगू?"

आठ दिवसांचा सगळा जाळ मी त्यांच्यावर ओतला. स्वतःच्या पोरी सासरी गेल्या, आता लोकांच्या बिघडवायला निघालात, असंही बोलले. मामा म्हणाले, "बरं." दार उघडल्यावर त्यांनी आत येऊन कूलरमध्ये नवं गवत भरलं, पाणी सोडलं आणि निघून गेले.

क्लास सुटला. शर्वरी घरीच अभ्यास करू लागली, हळूहळू माझ्याशी बोलू लागली. मी मात्र मामांशी बोलले नाही. चूक कळली होती, पण समोरच्या दारापर्यंत चार पावलं काही टाकवत नव्हती. आज जाऊ, उद्या जाऊ करत पावसाळा गेला. दसऱ्यानंतर एका सकाळी मामा ओट्यावरच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याहून परतताना शर्वरी पायरीवर थांबली. म्हणाली, "आई, तुला एक सांगायचं राहिलंय. मी त्यांच्याकडे जायचे ना, तेव्हा रोज चहा देताना ते विचारायचे, आज सांगतीस का आईला? मी नाही म्हणायचे."

"मग?"

"मग म्हणायचे, बरं, उद्या इचारतो. पण तिच्याइतकं तुझं दुसरं कुणी नाय."