आधीच लेप असलेली काच

सोलापुरात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी काचेवर झिंक ऑक्साइडचे पातळ थर चढवते. पोलादी पेटीतली हवा काढून टाकायची, थोडा आरगॉन वायू सोडायचा, वीज द्यायची. आत जांभळट उजेड पेटतो आणि झिंक ऑक्साइडच्या चकतीतून अणू सुटून समोरच्या काचेवर बसत जातात. थर केसापेक्षा कितीतरी बारीक. काच कोरीच दिसते, पण थर नीट जमला तर तिच्यातून वीज वाहते. मोबाइलच्या पडद्याला, सोलर पॅनेलला अशी काच लागते. माझ्या थरातून मात्र वीज मोठ्या मुश्किलीनं जायची.

गेल्या उन्हाळ्यात एका खेपेतल्या काचांचा विजेला होणारा रोध एकदम खाली आला. माझ्या मार्गदर्शक सरांनी तो स्वतः पुन्हा मोजला. क्ष-किरणांच्या आलेखात झिंक ऑक्साइडचं शिखर सरळ उभं होतं. शेजारी एक बुटका उंचवटा होता. तो आम्ही दोघांनीही बघितला आणि सोडून दिला. सरांनी परिषदेसाठी शोधनिबंधाचा सारांश पाठवला, आणि मी गावी वळसंगला वडिलांना, आप्पांना फोन केला.

आप्पा शेळ्या राखतात. त्यांनी आख्ख्या गावाला सांगितलं. माझ्या जुन्या शाळेतल्या मुख्याध्यापिका बाईंनी रविवारी सत्कार ठरवला. "येताना ती काच आण," असा निरोप आला.

त्याच आठवड्यात मी तीच कृती नव्या काचांवर केली. रोध पुन्हा होता तिथे गेला. शनिवारी दुपारी मी चांगल्या खेपेतली काच काढली. पेटीत काच धरणाऱ्या चिमट्याखाली थर बसत नाही, कोपरा कोरा राहतो. त्या कोपऱ्यावर मल्टिमीटरच्या दोन्ही सुया टेकवल्या. कोऱ्या काचेवर आकडा यायलाच नको. आला. दुसऱ्या कोपऱ्यावरही आला.

शेजारच्या कप्प्यात माझ्यासोबत काम करणाऱ्या एका मुलीच्या विकत आणलेल्या काचा असतात, इंडियम ऑक्साइडचा लेप आधीच असलेल्या. धुताना त्या माझ्या काचांत मिसळल्या होत्या. धुणारी मीच. वीज वाहत होती ती खालच्या लेपातून, आणि तो बुटका उंचवटाही त्याच लेपाचा होता.

सर घरी निघाले होते, हातात हेल्मेट. मी सांगितलं. ते स्टुलावर बसले.

"मीसुद्धा बघायला हवं होतं," ते म्हणाले. "उद्या तुझा सत्कार आहे ना?"

"हो सर."

माझ्यासमोरच त्यांनी परिषदेला मेल लिहिली आणि सारांश मागे घेतला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

सत्कार रद्द करा असं सांगायला मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. मंडप घातला असेल, आप्पांनी इस्त्रीचा सदरा काढला असेल, असं मनाशी म्हणत राहिले. खरं तर तोंड उघडायचीच भीती होती.

रविवारी शाळेत शाल, श्रीफळ झालं. बोलायला उभी राहिले. पुढे सातवीच्या मुली मांडी घालून बसल्या होत्या. एकीनं विचारलं, "मॅडम, काच दाखवा की."

काच हातोहात फिरली. एका आजोबांनी ती उन्हात धरली. "ह्यात इज हाय व्हय?"

"आहे," मी म्हणाले, "पण ती माझ्यामुळं नाही. ही काच आधीच तशी होती. माझ्या हातून काचांची अदलाबदल झाली. माझा थर अजून जमलेला नाही."

शेवटच्या ओळीतून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवल्या. सूत्रसंचालक गुरुजी माइकवर म्हणाले, एवढी शिकली तरी बघा किती नम्र. पुन्हा टाळ्या. मी खाली बसले. उन्हाळ्यात अंगावर शाल, कान तापलेले. दुसऱ्यांदा उठून सांगायचं बळ आलं नाही.

घरी येताना आप्पा गोठ्यापाशी थांबून म्हणाले, "तू म्हनालीस ते खरं हाय? ती काच तुजी न्हवं?"

"काच तशीच होती, आप्पा. माझं काम फसलं."

"लोकांला कळलं न्हाय वाटतं."

"नाही."

"बरं झालं," आप्पा म्हणाले आणि शेळ्यांना पाला टाकायला वाकले. आपण अशा माणसाला खोटं झाकायला लावलं, हे मला टाळ्यांपेक्षा जास्त लागलं. ते विकतानाही कधी कुणाला म्हाताऱ्या शेळीचं वय कमी करून सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या घरी गेले आणि सोप्या शब्दांत सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी चहा ठेवला होता, तो गॅसवर उतू गेला.

"म्हणजे आम्ही उगीच टाळ्या वाजवल्या," त्या म्हणाल्या.

"हो बाई."

"मग शाळेत ये आणि मुलींना हे असंच सांग. काच कशी बदलली, तुला कसं कळलं. गुरुजींनाही बसवते. दिवस ठरला की फोन करते."

येते म्हणाले. तेव्हापासून दोनदा वळसंगला जाऊन आले. दोन्ही वेळा शाळेच्या रस्त्यानं न जाता मागच्या वाटेनं घरी गेले. माझे थर आता थोडे सुधारलेत, फार नाही. बाईंनी अजून फोन केलेला नाही, आणि त्या करत नाहीत हेच मला बरं वाटतं.