इंजिनाच्या तापाचं गाठोडं

माझ्या मावशीच्या यजमानांइतका लिहून ठेवणारा माणूस सबंध वऱ्हाडात झाला नसेल. अकोटच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी कारकून होतो, तिथलं इंजिनघर आणि त्याची नोंद, दोन्ही मावसाजींकडे होतं. रोजचा एक ताव. इंजिन कधी सुरू झालं, कधी धापलं, पट्टा कधी घसरला, हे तर असेच. पण ‘नऊ वाजून सात मिनिटे : मॅनेजरसाहेब आत आले. इंजिन बिचकले,’ हेही असे. संध्याकाळी तो ताव एखाद्या गाठोड्यात जाई आणि गाठोडं कपाटात. तारीख तावावर असे, पण लावणी तारखेने नव्हे. गाठोडी दुखण्यांची होती : खोकला, ताप, रुसवा, पोटदुखी. साहेबांनी एकदा हटकलं, तर म्हणाले, “साहेब, डाक्तर पेशंटले तारीख इचारते का दुखनं?”

साठ सालाच्या आसपास ऐन हंगामात इंजिनाचं बेअरिंग जळालं, आणि दुसऱ्याच दिवशी मावसाजी हिवतापाने फणफणत लेकीकडे अचलपूरला गेले. इकडे साहेबांनी ठरवूनच टाकलं, की सुखदेव फिटरने तेल घातलं नाही. सुखदेव तेल्हाऱ्याचा, कामाला चोख. “मी सांगतलं होतं तेल कमी हाये म्हून,” तो काकुळतीने म्हणाला. साहेब म्हणाले, “सोमवारपर्यंत लेखी दाखव, नाहीतर नोकरी गेली समज.”

सुखदेवने सांगितलं असेल, तर मावसाजींनी ते लिहिलंच असणार, म्हणून मावशीकडून किल्ली आणून मी कपाट उघडलं. इंजिन बंद पडलं होतं, म्हणून ‘रुसवा’ सोडला. दहा वर्षांचे रुसवे! तेही तारखेने नव्हे, रागाच्या जोराप्रमाणे लावलेले. दोन दिवस धूळ खाल्ली, शिंकून बेजार झालो, शेवटी रविवारी अचलपूरची एस.टी. धरली.

मावसाजी गोधडीत होते. सुखदेवची हकीकत ऐकून ते उठून बसले. मग म्हणाले, “बेअरिंग जळालं ना? मंग तापाच्या गाठोड्यात पाह्य ना बाप्पा! रुसव्यात काहून शोधून राहिला?”

रात्री अकोटला परतून मी तापाचं गाठोडं सोडलं, तर ताव वरच होता. ‘चार दहा : सुखदेवने तेल कमी असल्याचे सांगितले. चार अकरा : मी म्हणालो, पाळी संपेपर्यंत चालू दे. चार पन्नास : बेअरिंग जळाले. चूक माझी.’

सोमवारी सुखदेव कामावर परतला. मावसाजींना इंजिनघरातून काढून फाटकावर बसवलं. मला फार वाईट वाटलं. “तुम्ही आठवत नाही म्हणाला असता, तर मला ते जन्मात सापडलं नसतं,” मी म्हणालो. ते हसले. “मी इसरलो असतो रे, पन सुखदेवची बायको पोरं घेऊन कुठी गेली असती?”

नव्या माणसाने सगळे ताव तारखेने लावले. आता मावसाजीही नाहीत. ‘चूक माझी’ लिहायच्या आधी ते किती वेळ थांबले असतील, हे त्यांना विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं.