ऑक्सिजनच्या नळीतून आलेली हाक

इथले अनुभव मी नेहमी वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्यावर सोडून देते. मी नर्स आहे. मेलेल्या माणसांचे डोळे मिटवलेत, एकटीने वॉर्ड सांभाळलेत, कधी काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. भूतबाधा म्हणून आणलेल्या पोरींचं हिमोग्लोबिन तपासायला लावणारी मी! त्यामुळे पुढचं लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय...

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. जव्हारच्या बाहेर, मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एका मुंबईच्या डॉक्टर मॅडमनी बंगला भाड्याने घेऊन सेंटर काढलं होतं. थंड हवा, झाडी, आणि सोबत हायपरबॅरिक ऑक्सिजन. म्हणजे माणूस झोपेल एवढी जाड पारदर्शक नळी. पेशंटला आत सरकवून दार लावायचं, आत शुद्ध ऑक्सिजनचा दाब हळूहळू वाढवायचा. विमानात बसतात तसे कानांना दडे बसतात. खरं तर हे जुनाट जखमांसाठी. पण मॅडमच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात होतं – ‘वय मागे न्या!’ सुरकुत्या कमी, तरतरी, स्मरणशक्ती, सगळंच. मुंबई-नाशिकची माणसं वीकेंडला यायची. मी मोखाड्याहून जीपने रोज जायची. मशीन मॅडम बघायच्या आणि पेशंटशी बोलायला बाहेर जो रिसीव्हर होता, तो माझ्या कानाला. आत एक छोटा माइक आणि स्पीकर. इतकंच. त्याला ना टेलिफोनची लाइन, ना रेडिओ.

एक दिवस कुसुमबाई आल्या. रिटायर्ड शिक्षिका, साठी उलटलेल्या, मोखाड्यात एकट्याच राहायच्या. अशा बाईने तरुण व्हायला यावं याचं मला मनात हसू आलं. मॅडम चेहऱ्याच्या त्वचेबद्दल बोलायला लागल्या तेव्हा बाई म्हणाल्या, “चेहऱ्याचं राहू द्या. तुमच्या कागदावर स्मरणशक्तीचं लिहिलंय, ते खरं आहे का?”

“काय विसरायला होतं? नावं? वस्तू कुठे ठेवल्या ते?”

“नाही हो, सगळं आठवतं.” बाईंनी पत्रकाची घडी घातली. “आमच्या ह्यांचा आवाज तेवढा आठवत नाही.”

हळूहळू कळलं ते असं. बाई वाडा तालुक्याकडच्या. पहिली नेमणूक मोखाड्याजवळ, सूर्यमाळच्या एका पाड्यावर. राहायला खोली नव्हती म्हणून ज्यांच्या घरी उतरल्या, त्या घरातला मुलगा म्हणजे त्यांचे पुढे झालेले यजमान. नाचणी-भाताची शेती करणारा. लग्नाला दोन्ही घरांचा विरोध होता, तरी केलं. पस्तिशीही झाली नसेल, काविळीने गेला. मूल नाही. फोटो एक होता. “चेहरा आठवतो, हात आठवतात, चालताना मान कशी टाकायचा तेही,” बाई गाऊन घालता घालता मला म्हणाल्या. “आवाज पुसला गेला गं. कधी गेला तेच कळलं नाही. एक दिवस आठवायला गेले तर तिथे काही नव्हतंच.”

पहिल्या सीटिंगला काही नाही. दुसऱ्या वेळी बाई आत डोळे मिटून पडलेल्या. भर दुपार. मला रिसीव्हरमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि त्यात मध्येच एक पुरुष बोलला. अगदी जवळून –

“दम खा पाहुणी. पुढं चढ हाय.”

मी दचकून नळीत बघितलं. बाईंचे ओठ मिटलेले. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “कुठला तरी वायरलेस पकडला असेल गं. नाहीतर नवीन टॉवरचं काहीतरी.” मलाही पटलं. पण पुढच्या खेपेला पुन्हा. तोच आवाज. “बस की जरा. घाई काय नाय.” आणि हसला...

बाहेर आल्यावर बाईंचा चेहरा पडलेला. “काहीच होत नाही गं. नुसते कानांना दडे बसतात.”

मी विचारलं, “बाई, तुम्हाला आत कुणाचं बोलणं ऐकू आलं?”

“कुणाचं?”

“कोणीतरी ‘पाहुणी’ म्हणत होतं...”

बाई स्टूल ओढून बसल्या. मग म्हणाल्या, “त्यांच्या घरी मी पाहुणी म्हणून उतरले होते ना. लग्न झाल्यावरही तेच म्हणायचा. चारचौघांत नाही हं. डोंगर चढताना, आम्ही दोघंच असलो की.” आणि माझा हात घट्ट धरला. “कसा होता आवाज? म्हणून दाखव.”

मी प्रयत्न केला. बाई कान देऊन ऐकत होत्या, पण मान हलवत राहिल्या. माझ्या बाईमाणसाच्या आवाजात तो कुठून यायचा! त्यांचं माणूस आलं होतं आणि ऐकलं ते परक्या बाईने... मला रडूच आलं.

मीच मॅडमना म्हटलं, मी आत झोपते, रिसीव्हर बाईंना द्या. मॅडम आधी नाही म्हणाल्या. मग बाईंकडे बघितलं, माझे कान तपासले आणि मशीनपाशी उभ्या राहिल्या.

आतून मला नळीपलीकडे बाई दिसत होत्या. दोन्ही हातांनी रिसीव्हर धरलेला. कितीतरी वेळ काहीच नाही. मग त्या ताठ झाल्या. स्पीकरमधून मला फक्त त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं.

“हो... मीच.”

“नाही रे, आता नाही चढवत. गुडघे गेले.”

“जेवले ना. जेवूनच आले.”

मग हसल्या. तसं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. “पांढरे झालेत. सगळेच. तू अजून तेवढाच असशील... ओळखशील कसा मला?”

त्यावर तो काय म्हणाला, ते मला माहीत नाही. बाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि मान हलवत राहिल्या, हो, हो, हो.

मॅडम दोन हात अंतरावर उभ्या होत्या, त्यांना काही ऐकू आलं नाही. शेवटी त्यांनी रिसीव्हर स्वतःच्या कानाला लावला. माझा श्वास, बाकी काही नाही.

बाईंनी उरलेल्या सीटिंग घेतल्या नाहीत. “कशाला वय मागे न्यायचं? त्याची काही तक्रार नाही,” म्हणाल्या आणि एवढ्या छान लाजल्या!

वर्षभरात सेंटर बंद झालं. त्याआधी एकदा मी पेशंट आत असताना माझ्या आईसाठी कान लावून बसले होते. ती गेली तेव्हा मी ड्यूटीवर होते. काही ऐकू आलं नाही. पुन्हा कधीच, कुणाचंच नाही.

पुढे एकदा मोखाड्याच्या बाजारात बाई भेटल्या. मी विचारलं, “आहे ना आवाज?”

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. “पावसाळाभर होता. मग परत गेला गं.” आणि हळूच म्हणाल्या, “तुला आठवतो?”

मला आठवत होता. अगदी स्वच्छ.

“मग सांग ना, कसा होता.”

तिथे सुक्या मासळीच्या दुकानांपुढे, गर्दीत उभी राहून मी सांगितलं – जरा बसका, शेवटचा शब्द लांबवणारा, आणि हसू यायच्या आधी थोडा थांबायचा. “हो, थांबायचा,” बाई म्हणाल्या. त्यानंतर बाजारात भेटलो की त्या विचारायच्या आणि मी सांगायची. कधी कधी तर नुसत्या समोर येऊन उभ्या राहायच्या, की मी समजायची.

बाई जाऊन आता काही वर्षं झाली. तो आवाज माहीत असलेलं माणूस म्हणजे आता मीच. ज्याला मी कधी पाहिलं नाही, ज्याचा पाडाही मला नीट ठाऊक नाही, त्याचा. माझ्या आईचा आवाज हल्ली पुसट होत चाललाय, आणि हा मात्र जसाच्या तसा आहे. असं का, हे मी मॅडमना विचारलं, कानाच्या डॉक्टरांना विचारलं, आमच्या गावच्या भगतालाही विचारून झालं.