रॉकेलवाल्याने वाढवले

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. चांगली केलेली कामे विसरलो, हे एक मात्र राहिले.

सुएझ कालव्यावर लढाई पेटली, बोटी अडकल्या आणि इकडे चिंचवडात रॉकेलची ओरड सुरू झाली. तेव्हा वीज मोजक्याच घरांत होती. पिंपरीच्या कारखान्यासाठी खोल्या करून राहिलेल्या कामगारांचे स्टोव्हही रॉकेलवरच चालत. मी नवा फौजदार होतो. "नफेखोरांवर केसेस करा," असा वरून रोज निरोप येई आणि माझ्याकडे एकही केस नव्हती.

अशात एका टांगेवाल्याने खबर दिली, की स्टेशनजवळचा रॉकेलवाला गिऱ्हाइकांना परत पाठवतो आणि एक म्हातारी त्याच्याशी भांडून गेली आहे. म्हातारी मळ्यात राहणारी, गावातली जुनी. तिला ठाण्यावर बोलावले.

"म्या बाटली घिऊन गेले, तर त्यानं वाढीवलं," ती म्हणाली. "आमच्या घरात दिवा न्हाई, साहेब."

मी लिहिले : दुकानदाराने दर वाढवला. खाली नेहमीची ओळ टाकली, 'जबाब वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे,' आणि अंगठा घेतला. वाचून मात्र दाखवला नाही. घाई होती.

पंच घेऊन दुकानावर गेलो. आत सगळे डबे रिकामे निघाले. भरलेले असते तर साठा केला म्हटले असते. रिकामे होते, म्हणून काळ्या बाजारात विकले म्हटले. संशय एकदा बसला की पोलिसाला काहीही पुरावा म्हणून चालते. बेड्या घालून नेताना बाजारातले लोक त्याला शिव्या देत होते. खरे सांगतो, मला बरे वाटत होते.

कोर्टाने दोन दिवसांची कोठडी दिली. मी त्याला दिवसभर उभा ठेवला. तो एकच सांगत राहिला, "पाटीवरचाच भाव घेतला, साहेब. माल संपला, एवढंच."

"मग म्हातारी खोटं बोलते?"

"ती नाही खोटं बोलायची. वीस वर्षं माझ्याकडंच येतेय."

"म्हणजे कबूल?"

तो मटकन खाली बसला. "परवाना गेला तर मी करू काय, साहेब?"

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी आपण होऊन आली. हातात तीच रिकामी बाटली होती.

"दुकान कवा उघडायचं?" तिने विचारले. "त्याला कशापायी धरलाय?"

"आजी, त्यानं भाव वाढवला असं तुम्हीच सांगितलंत की."

"भाव कुठं? दुकान वाढीवलं म्हनले मी. फळ्या लावल्या त्यानं. घासलेट संपलं व्हतं त्याचं. मला राग आला, ते खरं. पर भावाचं मी कवा म्हनले?"

दिवा विझवला म्हणू नये, दुकान बंद केले म्हणू नये, वाढवले म्हणावे, हे माझ्या आईनेच मला लहानपणी शिकवले होते. पण माझ्या डोक्यात भाव होता, म्हणून कानाला भावच ऐकू आला. जबाब वाचून दाखवायला पाच मिनिटे लागली असती.

तिचा नवा जबाब घेतला, मोठ्याने वाचून दाखवला आणि चूक माझी आहे असा अहवाल पाठवला. तो सुटला. वरिष्ठांनी मला झापले, ते योग्यच होते. पण बाजारात बोलणे निघाले, की रॉकेलवाल्याने फौजदाराला पैसे चारले. पुढे माल सुरळीत येऊ लागला, तरी लोक दुसऱ्या दुकानात जात. म्हातारी तेवढी त्याच्याकडे यायची.

काही दिवसांनी मी सायकलवरून जात होतो. तो दराची पाटी उतरवत होता. मी सायकलवरून उतरलो.

"दुकान वाढवलं, साहेब," तो म्हणाला आणि पाटी काखेत धरून आत गेला.

त्यानंतर नोकरीभर मी प्रत्येक जबाब मोठ्याने वाचून दाखवला. हवालदार कंटाळायचे, साक्षीदार जांभया द्यायचे. समोरचा 'बरोबर आहे' म्हणाला, तरी मी पुन्हा विचारायचो. नवीन पोरांना वाटायचे, साहेबांना ऐकू कमी येते. मी त्यांना कधी काही सांगितले नाही, कारण सांगायची लाज वाटायची.

त्या माणसाचे शेवटचे वाक्य मात्र मला पहिल्याच वेळी नीट ऐकू आले होते.